'सेम' म्हणजे काय? खिडकीवर जाण्यापूर्वी वाचा

इंग्रजीतलं सगळ्यात सोपं विशेषण कोणतं, असं दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतंत तर मी बेधडक 'सेम' म्हटलं असतं. मग आईबरोबर बँकेच्या चार फेऱ्या झाल्या आणि मी शहाणा झालो. तुमची एखादी फेरी वाचावी म्हणून हे मार्गदर्शन, फुकटात.

आधी व्युत्पत्ती, म्हणजे लेख अभ्यासपूर्ण वाटतो. 'सेम' आणि संस्कृत 'सम' एकाच मुळातले, दूरचे भाऊबंद. पण स्पेलिंग जुळत नसल्यामुळे बँकेत हे नातं चालणार नाही.

व्याकरण : इंग्रजीत या शब्दाआधी 'द' लागतं. आपल्याकडे नंतर 'टू सेम' लागतं.

दुकानदार मिक्सरचं भांडं 'सेम टू सेम' म्हणाला, तर ते घरी बसणार नाही असं समजून पावती जपून ठेवा.

दोघांचे शर्ट एका रंगाचे निघाले, तर 'सेम पिंच'. चिमटा काढला की विषय संपला.

खिडकीवर तो संपत नाही. माझ्या वडिलांचं नाव लक्ष्मण. ते गेले, आणि त्यांच्या ठेवी आईच्या नावावर करायच्या होत्या. आईच्या आधारवर मधलं नाव 'एक्स' घालून लिहिलेलं, पॅनवर 'के एस एच' घालून, पासबुकात नुसतं 'एल'. "काका, नाव सेम नाहीये." ज्यांच्या घरी लक्ष्मण किंवा दत्तात्रय आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. तरी तयारी म्हणून पाठ करून ठेवा : 'वन अँड द सेम पर्सन'. हा मजकूर टायपिस्टकडे तयारच असतो, फक्त नावं भरायची. कागद ५०० रुपयांचा, कारण ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प इतिहासजमा झालाय. नोटरीचे वेगळे. त्यावर आईनं शपथेवर लिहून द्यायचं की मी मीच आहे. दिलं. तर दुसऱ्या टेबलावर उत्तर आलं, "मृत्यूच्या दाखल्यात 'मण'चं स्पेलिंग वेगळं आहे, ते यात नाही आलं." म्हणजे नवा स्टॅम्प, नवी शपथ.

(१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचंही नाव लागतं. निर्णय उत्तम. चुकायला आता चार जागा.)

पुढची सूचना हसत हसत लिहायची होती, पण जमत नाहीये.

अहो, ती समोर उभी होती! बत्तीस वर्षं त्याच शाखेत खातं आहे. अंगठा दिला, ओटीपी दिला, फोटो दिला. मशीनला ती पटली, तुम्हाला पटेना. ती मराठी शाळेत शिकली, सही मराठीत करते. नवऱ्याचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं हे तिला कुणी कधी विचारलंय का? प्रत्येक काउंटरवरच्या माणसानं आपल्या मनानं बडवलं आणि ती 'बरं' म्हणाली. चूक तुम्ही करायची आणि पाचशेचा कागद तिनं आणायचा? आणि दाखल्यातलं स्पेलिंग पहिल्याच दिवशी बघता येत नव्हतं? चार फेऱ्यांत एकानंही मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही. लाज वाटू द्या थोडी. सत्तरीची बाई तासभर उभी असते, तिला आधी एक खुर्ची द्या, मग तुमची अक्षरं मोजत बसा.