अलॉयला रंग देता येतो, ताकद नाही

घासलेल्या अलॉय रिमचा, म्हणजे गाडीच्या ॲल्युमिनियमच्या चाकाचा, ‘आधी’चा आणि चकचकीत ‘नंतर’चा फोटो, आणि खाली एक मजकूर. तो सध्या भरपूर फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘अलॉयवर ओरखडे असोत, कड उडालेली असो की तडा गेलेला असो, पुट्टी, वेल्डिंग आणि स्प्रेचे डबे आणा, एका दिवसात घरीच नवी करा. मग चाकांमागे स्पेसर (जाड चकत्या) टाकून चाकं बाहेरच्या बाजूला सरकवा, डबल साइड टेपनं स्पॉयलर आणि साइड स्कर्ट चिकटवा. गाडी भारी दिसेल, मायलेजही वाढेल. वर्कशॉपवाले उगाच घाबरवतात.’

घरी काम करायला माझा विरोध नाही. रिम घासून, रंगवून पुन्हा गाडीवर चढवण्यात जो आनंद आहे तो मला चांगला ठाऊक आहे आणि तो प्रत्येकानं घ्यावा असंच मला वाटतं. आक्षेप आहे तो सरमिसळीला. डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग वेगळा आणि गाडीचं वजन पेलणारा धातू वेगळा. पहिल्यावर मनसोक्त प्रयोग करा, दुसऱ्यावर नको. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘एका दिवसात.’ रंग मारून होतो एका दिवसात, काम होत नाही. आधी ब्रेकची काळी धूळ आणि तेलकटपणा पूर्ण निघाला पाहिजे. मग 120 नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर 240, मग 400. जुन्या लॅकरखाली, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराखाली, पांढऱ्या किड्यासारख्या रेघा पसरलेल्या असतील तर ते ॲल्युमिनियमचं गंजणं आहे. तेवढा भाग थेट धातूपर्यंत घासावा लागतो, नाहीतर नव्या रंगाखाली त्या रेघा पुढे सरकत राहतात. जुना रंग जिथे संपतो आणि धातू सुरू होतो तिथे डोळे मिटून नख फिरवा. नख अडकलं तर ती कड रंगानंतरही दिसणार. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेनं लगेच ऑक्साइडचा थर धरतो, म्हणून घासलं त्याच दिवशी एचिंग किंवा इपॉक्सी प्रायमर (धातूला धरणारा रंगाखालचा थर) लागला पाहिजे. मग रंगाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर थांबणं, शेवटी लॅकर. लॅकर हाताला कोरडं लागलं तरी आतून कडक व्हायला काही दिवस घेतं. त्याआधी मशीनवर टायर चढवला की कडेचा रंग सोलून निघतो.

लॅकरबद्दल एक गोष्ट त्या मजकुरात अजिबात नाही आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. हार्डनर असलेला टू-के लॅकर टिकाऊ असतो हे खरं, पण त्याच्या फवाऱ्यात आयसोसायनेट हे रसायन असतं. त्यानं कायमचा दमा लागू शकतो. धुळीचा साधा मास्क त्याला अडवत नाही; स्प्रे बूथमध्ये बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावतात तो उगाच नाही. घरी काम करायचं तर साधा, हार्डनर नसलेला वन-के लॅकर घ्या, तोही मोकळ्या हवेत. त्यावर ब्रेक ऑइल सांडलं तर तो विरघळेल, एवढं लक्षात ठेवा. आणि लेथवर कापून चमकवलेला डायमंड-कट चेहरा डब्यातून येत नाही. तो हवा असेल तर लेथवरच जावं लागतं.

‘पुट्टीनं सगळं भरतं.’ बाहेरच्या चेहऱ्यावरचे उथळ ओरखडे भरतात. टायर जिथे रिमवर बसतो ती पट्टी मात्र ट्यूबलेस टायरची हवा धरून ठेवते. तिथे पुट्टी चालत नाही. कडेचा तुकडाच उडाला असेल तर तिथेही नाही, कारण पॉलिएस्टर पुट्टी भार घेत नाही. पुढेमागे पावडर कोटिंगचा (भट्टीत भाजून बसवलेल्या पावडरच्या रंगाचा) विचार असेल तर साधी पुट्टी मुळीच भरू नका. त्या भट्टीचं तापमान 180 ते 200 अंश सेल्सियस असतं, तिथे ती फुगते आणि तडकते.

‘तडा वेल्डिंगनं जातो.’ इथे मी ठाम आहे: तडा गेलेली रिम गाडीवर परत चढवू नका. बहुतेक अलॉय चाकं ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम यांच्या ओतीव मिश्रधातूची असतात. ओतल्यावर ती साधारण 540 अंशांना तापवतात, झटकन थंड करतात आणि मग त्याहून बऱ्याच कमी तापमानाला मुरवतात. चाकाची ताकद मुख्यतः या प्रक्रियेतून येते. वेल्डिंगच्या उष्णतेनं सांध्याच्या आजूबाजूचा धातू ती ताकद गमावतो. वरून घासून रंग दिला की सांधा दिसत नाही, हवाही धरते, आणि म्हणूनच माणूस निर्धास्त होतो. कारचं चाक एका किलोमीटरला साधारण 500 फेरे घेतं आणि प्रत्येक फेऱ्यात तोच भाग एकदा दाबला जातो. खड्ड्याच्या धक्क्यानं पडणारा तडा बहुतेक वेळा आतल्या बाजूला, टायर आणि सस्पेन्शनच्या आड असतो. म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी चाक उलटं करून आतली बाजू धुवा, उजेडात फिरवून बघा, हवा भरलेली असताना साबणाचं पाणी लावा. शंका आली तर डाय पेनिट्रंट तपासणी (रंगीत द्रव मुरवून बारीक तडे दाखवणारी) करून घ्या. वर्कशॉपवाला इथे ‘बदला’ म्हणतो तेव्हा तो घाबरवत नसतो. हातोड्यानं वाक काढण्यालाही हेच लागू: थंड ओतीव ॲल्युमिनियम ठोकलं की ते तडकतं.

‘सगळीकडे छान रंग मारा.’ सगळीकडे नाही. चाकाची पाठ हबला, म्हणजे गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक बसतं त्याला, जिथे टेकते ती सपाट जागा आणि नट बसतात त्या खोबणी मास्किंग टेपनं झाका. रंगाचा जाड थर नटच्या दाबाखाली हळूहळू दबतो आणि नट ढिले पडतात. रेंच वापरून नट बरोबर आवळले होते, तरीही. रंगकाम झाल्यावर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) नट आवळा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. बॅलन्सिंगही नव्यानं करून घ्या.

‘टेपनं चिकटवा.’ टेप वाईट नाही, कंपन्याही वापरतात. पण ॲक्रिलिक फोम टेपची पकड 20 मिनिटांत निम्मी, 24 तासांत सुमारे 90 टक्के आणि 72 तासांत पूर्ण होते, तीही खोलीच्या तापमानाला. त्याच संध्याकाळी हायवेवर गेलात तर स्पॉयलर मागच्याच्या काचेवर जाऊ शकतो. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि पूर्ण लांबीभर जोरानं दाबा. बहुतेक बम्पर पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचे असतात. त्याच्या रंग न दिलेल्या भागावर ॲढीजन प्रमोटरशिवाय (पकड वाढवणाऱ्या द्रवाशिवाय) ना टेप धरते ना रंग.

मायलेजचं थोडक्यात: हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, ताशी 50 वरून 100 वर गेलात की चौपट. त्या गाडीच्या आकारासाठी न तपासलेला स्पॉयलर बहुधा हवेचा अडथळा वाढवतोच. आवडतो म्हणून लावा, तेवढं कारण पुरेसं आहे.

राहिले स्पेसर. ते हबच्या मधल्या गोलावर नेमके बसणारे नसतील तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात राहतं आणि स्टिअरिंग थरथरतं. बेअरिंगवरचा भारही वाढतो. शिवाय स्पेसरच्या जाडीइतका स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा, कमी पडतो. नट निदान स्टडच्या व्यासाइतका आत गेला पाहिजे. 12 मिलिमीटर व्यास आणि 1.5 मिलिमीटर पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असलेल्या स्टडवर म्हणजे 8 पूर्ण फेरे. स्पेसर चढवा, नट हातानं फिरवत फेरे मोजा. आठच्या आत थांबला तर लांब स्टड बसवेपर्यंत स्पेसर उतरवून ठेवा.