पहाटेचा थेंब मुळाचा, दुपारचं पाणी पानाचं

नमस्कार. झाडात पाणी आणि अन्न कसं वाहतं यावरच्या माझ्या लेखावर आपला आक्षेप थोडक्यात असा: पान पाणी वर ओढतं हे पटत नाही, पहाटे उसाच्या पात्याच्या टोकाला थेंब असतात, तोडणीनंतर बुडखा पाझरतो, म्हणजे मूळच पाणी ढकलतं, उरलेलं काम कंदिलाच्या वातीसारखं होत असणार. शिवाय पानात बनलेलं अन्न खालीच जातं असं पुस्तकात आहे, लेखात मात्र ते खाली-वर दोन्हीकडे जातं.

आपली पाहणी बिनचूक आहे. लेखात मूलदाबावर, म्हणजे मुळाच्या या रेट्यावर, एक ओळही नव्हती, ही माझी चूक. तो थेंब दवाचा नव्हे. दव सगळ्या पात्यावर बारीक बसतं. हे थेंब टोकाला आणि कडेला, ओळीने, मण्यांसारखे असतात. रात्री पर्णरंध्रं (पानांवरची वाफ सोडणारी छिद्रं) मिटलेली असतात, पण मुळं क्षार जलवाहिन्यांत, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत, सोडतच राहतात. क्षारांमागोमाग पाणी शिरतं, दाब वाढतो आणि कडेच्या वेगळ्या छिद्रांतून पाणी बाहेर येतं.

दुपारी बाराला मात्र सगळं उलटतं. पानांतून पाणी इतक्या वेगाने उडतं की मुळाचा रेटा त्याला पुरा पडत नाही. तेव्हा जलवाहिनीत दाब नसतो, ताण असतो. म्हणूनच झाडाचं खोड भर उन्हात केसभर बारीक होतं आणि रात्री परत फुगतं. खालून रेटा असता तर दुपारीच फुगायला हवं होतं. वातीचं म्हणाल, तर 50 मायक्रोमीटर व्यासाच्या नळीत केशाकर्षणाने पाणी जेमतेम 60 सेंटिमीटर चढतं. ऊस तीन मीटरचा, कॅलिफोर्नियातला रेडवूड 115 मीटरचा! पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे वरून ओढलं तरी स्तंभ तुटत नाही, ही मांडणी डिक्सन आणि जोली या आयरिश शास्त्रज्ञांनी 1894 साली केली.

घरी पाहायचं तर गौरीच्या दिवसांत तेरडा घ्या. पांढऱ्या फुलाचा, फिक्या देठाचा. सारख्या उंचीच्या दोन फांद्या मुळाशिवाय कापा, एकीची सगळी पानं काढा. दोन्ही 200 मिलिलिटर पाण्यात ठेवा, त्यात अर्धा चमचा लाल खाण्याचा रंग. पानांच्या फांदीत लाल रेघा भराभर चढतात, बोडकीत रेंगाळतात. मूळ तर दोघींनाही नाही. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा कापण्यात: हवेत कापलं की ताणलेल्या नळ्यांत हवा शिरते आणि स्तंभ तुटतो. म्हणून पाण्याखाली धरून टोकाचे दोन-तीन सेंटिमीटर पुन्हा तिरके कापा आणि काप ओला असतानाच रंगात बुडवा. खोली दमट असेल तर पंखा लावा.

मुळाचं महत्त्व याने कमी होत नाही. पंचगंगेच्या पुरात ऊस पाण्यात उभा असूनही पानं मलूल पडतात, कारण ऑक्सिजनवाचून गुदमरलेलं मूळ पाणी आतच घेत नाही.

अन्नाबद्दल मात्र मी लेखावर ठाम आहे. रसवाहिनी साखर तयार होते किंवा साठलेली असते तिथून लागते तिथे नेते. खाली-वर असा तिचा नियम नाही. वाढ्याजवळच्या पानाची साखर शेंड्यालाही जाते आणि खालच्या कांड्यांतही साठते. ऊस चावताना दातात अडकतात ते धागे म्हणजे जलवाहिन्या-रसवाहिन्यांच्या जुड्या. गोड रस त्यांच्या मधल्या मऊ पेशींत असतो. आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून येणारं पुढचं पीक) फुटतो तेव्हा तर वर एकही हिरवं पान नसतं. कोंबाला साखर मिळते ती जमिनीतल्या बुडख्यातून, वरच्या दिशेने, रसवाहिनीतूनच.