कान कापला, तोही गाडीचा

ग्रायंडर मारला. मला न विचारता माझ्या गाडीला ग्रायंडर मारला. फियाटची जुनी पॅलिओ, तिचं ठोकलेलं नाक काढून नव्या मॉडेलचं बसवायचं चाललंय.

मी फक्त क्लिपा आणायला गेलो होतो. बंपरच्या, काळ्या प्लॅस्टिकच्या, एकदा उपटल्या की पुन्हा धरत नाहीत त्या. मिस्त्रीचं म्हणणं, जुन्याच चालतंय की ओ, वरून एक सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारूया. सेल्फ-टॅपिंग स्क्रू हे शब्द कानावर पडले की माझं बीपी चढतं, म्हणून मी स्वतःच निघालो. दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो. मालगाडी. गेट पडल्या पडल्या उजव्या बाजूने पुढे घुसणारे, पलीकडूनही तसेच घुसलेले, म्हणजे गेट उघडलं तरी समोरासमोर कुस्ती. हॉर्न सगळ्यांचे चालू, रस्ता कुणालाच नाही. परत येतोय तर गॅरेजभर जळक्या रंगाचा वास आणि आमचे मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभे.

"बसला बघा दिवा. जरा कान आडवा येत होता, उडवला."

आता तुम्ही म्हणाल दिव्याचा कान उडवला असेल. तेही वाईटच, पण दिवा बदलता येतो. यानं गाडीचा उडवला. रेडिएटरला वरून धरणारा जो आडवा पत्रा असतो, त्यावर दिवा बोल्टने बसायची जी जागा असते, ती. मूळ वेल्डिंगसकट. मी म्हटलं, अरे बाबा, कापायचंच होतं तर दिव्याचं कापायचं. तर काय म्हणतो? "दिवा नवीन हाय की सर, त्याला कशाला हात लावायचा?"

दिवा नवीन! भंगारातून आणलेला दिवा, काचेवर ओरखडे, आतून वाफ धरलेला, तो नवीन. आणि गाडी जुनी, म्हणून तिला कापायला परवानगी लागत नाही.

मी ड्रॉइंग दिलं होतं हो. रात्री जागून ब्रॅकेट काढला होता, तीन बाजूंनी, मापांसकट, पत्र्याची जाडी, भोकांची सेंटर, सगळं. त्याला समजावून सांगितलं होतं की दोन्हीकडे एकेक ब्रॅकेट बोल्टने लावायचा, कापाकापी शून्य, उद्या जुना दिवा मिळाला तर परत लावता येईल. "आयतु सर, आयतु," म्हणाला होता, म्हणजे कन्नडात झालंच म्हणून समजा. त्या ड्रॉइंगवर आज लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी, कालवलेली होती. हार्डनरसकट. माझ्या सेंटर डिस्टन्सवर पिवळा गोळा. ते बघितल्यावर मी जे बोललो ते मराठीत सुरू झालं, मध्ये कन्नडात गेलं आणि हिंदीत संपलं. शेजारच्या टायरवाल्यानं पंप बंद केला ऐकायला.

मला राग कापल्याचा आहेच, पण त्याहून जास्त या बेळगावचा आहे. उद्यमबागेत, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, माझी निम्मी नोकरी दहा मायक्रॉनवरून माल रिजेक्ट करण्यात गेली. कास्टिंगवर एवढंसं छिद्र दिसलं की आम्ही परत पाठवतो, बोअर गेज, हाइट गेज, कॅलिब्रेशनच्या तारखा, ऑडिटवाले वेगळे. हायड्रॉलिकचे पार्ट इथून कुठे कुठे जातात. आणि त्याच गल्लीच्या टोकाला बॉनेटची गॅप बोटाने मोजतात! डावीकडे एक बोट, उजवीकडे दीड बोट. "सर, बोट कुणाचं त्याच्यावर हाय," हा विनोद त्याने आज केला. आज!

स्पोर्ट्स कार म्हटलं की आमच्या चहाच्या टपरीवर सगळे हसतात. हसा. पॅलिओ आहे, १.६ जीटीएक्स, २००२ ची. शंभर बीएचपी. त्या काळात तेवढ्या आकाराच्या गाडीत शंभर बीएचपी म्हणजे काय ते ज्याने चोर्ला घाटात चालवली त्यालाच विचारा. सचिन जाहिरात करायचा तिची. गोव्यात फायबर बॉडीची दोन सीटर सॅन स्टॉर्म बनायची तेव्हा तिला सगळे स्पोर्ट्स कार म्हणायचे, आणि तिचं इंजिन साठच्या आसपास. माझ्या गाडीला छप्पर आहे आणि मागे सामान मावतं, हा तिचा गुन्हा.

तर तिचं नाक का बदलायचं, हा प्रश्न मला विचारू नका, त्या उसाच्या ट्रॉलीला विचारा. हंगामात संकेश्वर ते निपाणी पट्ट्यात गाडी चालवलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरच्या जागी लाल चिंधी, आणि टेपवर गाणं असं की ड्रायव्हरला स्वतःचं इंजिन ऐकू येत नाही. चढावर पुढचं चाक उचललं, ट्रॉली मागे आली आणि माझ्या बॉनेटवर बसली. मी थांबलेला होतो. हँडब्रेक लावून थांबलेला! ड्रायव्हर उतरला, बघितलं, आणि म्हणाला, "लई काय झालं नाही." रेडिएटर गळत होता तेव्हा. आणि त्यातला एक ऊस तोडून मला खायला दिला. मी घेतला, तो भाग वेगळा.

जुनं नाक मिळेना. मिळालं तर एक दिवा राजकोटला, एक कोईमतूरला, जाळी कुणाकडेच नाही. मग प्रत्येकजण एकच सांगू लागला, २००७ च्या पॅलिओ स्टाइल मॉडेलचं घाल, ते मिळतंय, बसतंय. मिस्त्री म्हणाला बसतंय. कुर्ल्याचा भंगारवाला म्हणाला बसतंय. ज्याच्याकडे आयुष्यात स्कूटरशिवाय काही नव्हतं तो माझा मेहुणा म्हणाला, "दाजी, प्लॅटफॉर्म एकच आहे ना?"

हा प्लॅटफॉर्म एकच असलेला वर्ग मला सर्वांत जास्त डोक्यात जातो. होय, एकच आहे. फियाटचं १७८ नंबरचं प्रोजेक्ट, त्याच्यावरच सिएना, त्याच्यावरच पेट्रा, त्याच्यावरच पॅलिओ. खालचा मजला एक म्हणून वरच्या खिडक्या एक होतात का? दिवा बदलला की त्याच्या शेजारचं मडगार्ड बदलतं, कारण कड जुळत नाही. मडगार्ड बदललं की बॉनेटची रेघ बदलते. बॉनेट बदललं की जाळी आणि बंपर. बंपर आला की त्याच्या आतलं लोखंड. आणि बॉनेटचं लॉक जर दोन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे झालं ना, तर हायवेला शंभरवर बॉनेट उघडून काचेवर येऊ शकतं, मग बसा प्लॅटफॉर्म मोजत. मी हे घरी कागदावर काढून समजावलं. मेहुण्यानं कागद घडी घालून डगमगणाऱ्या टेबलाखाली लावला. माझ्या ड्रॉइंगांचं हेच होतं.

पोर्शवाल्यांनासुद्धा सुटका नाही, एवढाच काय तो दिलासा. त्यांच्या ९११ ची ९९६ नावाची पिढी आली तेव्हा दिवे असे होते की लोक त्यांना फ्राय केलेलं अंडं म्हणायचे. २००२ च्या मॉडेलला दिवे बदलले. मग जुनी गाडीवाले धावले नवे दिवे लावायला, तर कळलं नुसते दिवे लागत नाहीत, मडगार्ड आणि बंपरही घ्या. तिथे एवढी महागडी गाडी आणि प्रश्न माझाच. फरक एवढाच की त्यांचा मिस्त्री त्यांच्या ड्रॉइंगवर लांबी कालवत नसावा.

आणि जपानी पोरं! निस्सानची १८०एसएक्स, तिचे दिवे वर उघडणारे. ठोकली की ते महाग पडायचे, म्हणून तिला निस्सानच्याच सिल्व्हिया गाडीचं पुढचं तोंड लावायचे. दोन्हींचा सांगाडा खरोखर एकच, म्हणून बोल्टाला बोल्ट बसायचा. त्या जोडगाडीला सिलेटी असं नाव पडलं आणि १९९८ मध्ये तशी गाडी थोडक्या संख्येत रीतसर तयार करून विकलीही. माझी कथा तीच आहे हो. ठोकली, जुनं महाग, नवीन लावलं. त्यांना नाव मिळालं. मला आई म्हणाली, "म्हाताऱ्याला कवळी बसवल्यासारखी दिसतीय."

पार्सलचं तर सांगितलंच नाही. कुर्ल्याच्या माणसाला पत्ता दिला, पिन ५९०००८, राज्य कर्नाटक, हे तीनदा बोललो. त्यानं लिहिलं बेळगाव, महाराष्ट्र. १९५६ पासून जो प्रश्न सुटला नाही, ज्याच्यासाठी माझ्या काकांनी लाठ्या खाल्ल्या, २००४ पासून जो सुप्रीम कोर्टात आहे, तो याने ड्रॉपडाऊनमध्ये सोडवून टाकला. काका असते तर पेढे वाटले असते. पार्सल मात्र कोल्हापुरात जाऊन बसलं. कुरियरवाला म्हणे पिन आणि राज्य जुळत नाही, माल पुढे जाणार नाही. कोल्हापूरचा म्हणतो बेळगावला विचारा, बेळगावचा म्हणतो कोल्हापूरला विचारा. शेवटी मीच जाऊन आणलं, बॉनेट टेम्पोत आडवं आणि मांडीवर दिवा, कोगनोळीचा टोल भरत. बंपर तर त्याने वाहतुकीला सोपं जावं म्हणून घडी घालून पाठवला होता. घडी! मधोमध पांढरी रेघ. फोन केला तर, "हीटगन मारा ना, येतो शेपमध्ये." येत नाही. आला तर एका बाजूने येतो, दुसरीकडून हसतो.

कपलरचं, म्हणजे दिव्याच्या वायरिंगच्या जोडाचं, दुखणं वेगळंच. वायरिंगवाला म्हणाला, कपलर वेगळं हाय, तोडून जोडतो. मी त्याच्या हातातलं कटर काढून घेतलं आणि खिशात ठेवलं. ते अजून माझ्याकडेच आहे, द्यायचं राहिलं. बिचारा दुपारभर दातांनी वायर सोलत होता म्हणे.

या सगळ्यात ज्ञान देणारे वेगळे. एकाने मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं, बदल चालत नाहीत हं. याच गृहस्थांच्या बुलेटचा सायलेन्सर रात्री अकराला अख्खी टिळकवाडी उठवतो. दुसरा म्हणाला इलेक्ट्रिक घे की आता. तिसरा फोटो बघून म्हणाला, "इंडिका का?"

असो. तर ग्रायंडर. ओरडून ओरडून घसा बसला, तेव्हा मिस्त्रीच्या पोरानं चहा आणला. प्यायलो. मग मिस्त्री शांतपणे म्हणाला, "सर, कान परत लावायचा झाला तर कोणीतरी दिवा धरून उभं राहायला पाहिजे, पोरगा बुटका हाय." आणि मी, वीस वर्षांचा क्वालिटीचा माणूस, ज्याच्या सहीशिवाय कंपनीतून माल हलत नाही, तो एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात दिवा धरून बॉनेटखाली वाकून उभा राहिलो. पाऊण तास. वेल्डिंगच्या ठिणगीनं शर्टाला भोक पडलं. खिशातून व्हर्नियर काढून मी मधूनमधून माप सांगत होतो आणि तो "होय होय" म्हणत अंदाजे ठोकत होता. लागला शेवटी. डावा. बॉनेटची गॅप मोजली, पुढे चार मिलिमीटर, मागे साडेचार. मी काही बोललो नाही. कंपनीत रिजेक्ट केला असता.

उजवा उद्या. मी रजा टाकली आहे, जागेवरून हलणार नाही, क्लिपा पण दोन पाकिटं जास्तीच्या आणल्यात. वेल्डिंगच्या जागी प्रायमर मारायला सांगितलाय. बेळगावच्या पावसात उघडा पत्रा आठवड्यात तांबूस होतो. तर म्हणाला, "काळा ऑइलपेंट हाय, मारतो." मी प्रायमर विकत घेऊन घरी ठेवलाय, मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नको, कशात तरी कालवतील.

आणि पेंटर अजून बाकी आहे. बॉनेट पांढरं, एक मडगार्ड राखाडी, एक काळं, गाडी लाल. त्याला फोनवर म्हटलं कलर कोड पाठवतो, गाडीवरच्या पट्टीवर आहे, त्यावरून बनवून घ्या, आणि पाऊस असेल त्या दिवशी फवारा मारू नका. पलीकडे जरा शांतता. मग म्हणतो, "कोड कशाला ओ सर? लाल म्हणजे लाल की."