फेणीने चेहरा उजळतो? माझ्याच फॉरवर्डचा खुलासा
परवा आपल्या म्हापशाच्या ग्रुपवर मीच टाकलेलं की रोज रात्री एक पेग काजू फेणी घेतली तर चेहरा उजळतो आणि सिगारेटचा परिणाम पण धुऊन जातो, ते चुकीचं आहे, सॉरी. स्किनच्या डॉक्टरांना विचारून आलो. दारूने रक्तवाहिन्या फुलतात म्हणून गाल लाल होतात, ते काय तेज नव्हे, आणि फेणीत 42 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, लघवी वाढून उलट अंगातलं पाणीच कमी होतं. सिगारेटचं वेगळंच, निकोटिनने त्वचेचा रक्तपुरवठा आखडतो, धुराने कोलाजेन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन) तुटतं, ओठांवर बारीक उभ्या रेषा येतात ना (आमच्या काकांच्या तर मिशी काढल्यावर दिसल्या!) त्या फेणीने पुसल्या जात नाहीत. तो मेसेज पुढे ढकलू नका, ढकलला असेल तर तिथे हे टाका.