30-60-90 त्रिकोणाच्या बाजू 1:2:3 नसतात

दहावीच्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक चित्र फिरतंय: ‘30-60-90 त्रिकोण, बाजू 1:2:3, पाठ करा, मार्क पक्के.’ दादरपासून बोरिवलीपर्यंत लोकांनी ते न वाचताच पुढे ढकललेलं दिसतंय. ते चूक आहे. 1:2:3 हे कोनांचं प्रमाण, बाजूंचं नव्हे. 1, 2, 3 बाजूंचा तर त्रिकोणच होत नाही. 1 आणि 2 मिळून 3 भरतात, तिन्ही रेषा एकाच ओळीत पडतात.

बाजूंचं खरं प्रमाण 1:√3:2. समभुज त्रिकोण शिरोबिंदूपासून मधोमध कापला की हाच त्रिकोण मिळतो, म्हणून 30° समोरची बाजू कर्णाच्या निम्मी. कर्ण 12 सेमी असेल तर उरलेल्या बाजू 6 आणि 6√3, म्हणजे सुमारे 10.39. पडताळा: 36 + 108 = 144. तरीही शंका असेल, तर कंपासपेटीतला लांबट गुण्या पट्टीने मोजा (कोपरे झिजलेले नसले तर).

त्याच चित्रात 45-45-90 साठी ‘कर्ण बाजूच्या दुप्पट’ असंही लिहिलंय. तेही चूक, √2 पट हवं. बाजू 5 असेल तर कर्ण सुमारे 7.07.

दोन्ही गुणधर्म बोर्डाच्या गणित भाग 2 मध्ये, पायथागोरसच्या प्रमेयाच्या प्रकरणात आहेत.