जीएसटीचे बिल म्हणजे सॉफ्टवेअरचा परवाना नव्हे

कोल्हापुरातील संगणक विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : सॉफ्टवेअरची स्वस्त ‘की’ (ते चालू करण्याचा सांकेतिक क्रमांक) ऑनलाइन विकणे गुन्हा नाही, कारण आपण प्रत नव्हे, नुसता नंबर विकतो, जीएसटीचे बिल दिले की विषय संपला, परदेशी कंपनी इथल्या दुकानदाराचे काही करू शकत नाही, झालेच तर जबाबदारी ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलची, आणि गिऱ्हाइकाला तर काहीच धोका नाही.

‘नुसता नंबर’ हा यातला सर्वांत फसवा मुद्दा आहे. पाचशे रुपयांच्या ‘लाइफटाइम’ मायक्रोसॉफ्ट ऑफिसपोटी ई-मेलवर पाच-पाच अक्षरांचे पाच गट, डाउनलोडची लिंक आणि ‘ॲक्टिव्हेट न झाल्यास फोनवरून करावे’ अशी सूचना येते. ही की पुष्कळदा एखाद्या संस्थेला तिच्या स्वतःच्या संगणकांसाठी दिलेल्या सामूहिक परवान्यातली असते. ती बाहेर वाटली गेल्याचे लक्षात येताच कंपनी ती बंद करते आणि लाइफटाइम तिथेच आटोपते. कायदाही या पळवाटेला भुलत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती आहे आणि कलम ६३ जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याइतकेच त्याला साथ देणाऱ्यालाही लागू होते. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

जीएसटी भरला म्हणजे सरकारला कर मिळाला, एवढेच. विकण्याचा हक्क कर खाते देत नाही. उलट बिलावर विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि मालाचे नाव असते. फिर्यादीला याहून सोयीचा कागद कोणता?

परदेशी कंपनीचा मुद्दा जुनाच आहे. भारत १९२८ पासून कॉपीराइटविषयक आंतरराष्ट्रीय बर्न कराराचा सदस्य असल्याने सदस्य देशांतील कृतींना इथे संरक्षण मिळते.

पोर्टलविषयी अर्धेच सांगितले जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे सशर्त संरक्षण मध्यस्थाला, म्हणजे पोर्टलला आहे, त्यावर दुकान मांडणाऱ्याला नाही. खोट्या नावाने विकल्यास सापडणार नाही, हाही भ्रम आहे, कारण नाव ठाऊक नसलेल्या प्रतिवादीविरुद्ध न्यायालये ‘अशोक कुमार’ या कल्पित नावाने मनाई हुकूम देतात आणि विक्रेत्याचा पत्ता व बँक तपशील उघड करण्यास पोर्टलला सांगू शकतात. (खऱ्याखुऱ्या अशोक कुमारांनी राग मानू नये.)

गिऱ्हाइकाबाबत मात्र संदेशात थोडे तथ्य आहे : नकळत घेतलेल्या प्रतीसाठी फौजदारी शिक्षा होत नाही. पण बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर कलम ६३ ब नुसार किमान ७ दिवस, कमाल ३ वर्षे कैद आणि वरच्याइतकाच दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल, तरच न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. उद्यमनगरातल्या कारखान्यात कास्टिंगचे ड्रॉइंग क्रॅक केलेल्या (परवान्याचे कुलूप तोडलेल्या) कॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरवर काढले जात असेल, तर तो वापर धंद्यासाठीच आहे. परवाना परवडत नसेल, तर फ्रीकॅड आणि लिब्रेऑफिस फुकट आहेत आणि कायदेशीरही.