‘परिषद म्हणजे विक्रेत्यांची जत्रा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आडपडदा न ठेवता लिहिलंत, बरं वाटलं. कोवर्किंग (अनेकांनी मिळून वापरायची भाड्याची ऑफिसं) परिषदांवरच्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप थोडक्यात असे: परिषद म्हणजे विक्रेत्यांची जत्रा, भाषणं नंतर फुकटात ऑनलाइन बघता येतात, चाळीस-पन्नास डेस्क चालवणाऱ्याला तिकीट आणि प्रवास परवडत नाही, आणि ‘ओळखी वाढवा’ हा सल्ला पोकळ आहे, कारण खरे आकडे कुणीच सांगत नाही.

भाषणांबद्दल तुमचं बरोबर आहे. ज्या सत्राचं रेकॉर्डिंग येणार असेल ते बिनदिक्कत सोडा, ‘कामाचं भविष्य’ छापाची सत्रं तर आधी सोडा. आकड्यांबद्दल मात्र पटत नाही. आकडे मिळतात, पण बहुतेक जण असा प्रश्न विचारतात की त्याचं खरं उत्तरही निरुपयोगी ठरावं.

‘तुमची ऑक्युपन्सी किती?’, म्हणजे किती टक्के जागा भरलेली आहे, हाच तो प्रश्न. समजा एका जागेत १०० डेस्क आहेत: केबिनमध्ये ४०, डेडिकेटेड (एकाच मेंबरसाठी राखीव) ३०, हॉट डेस्क (रिकामं दिसेल तिथे बसायचं) ३०. केबिनमधले ३६ आणि डेडिकेटेडचे २४ विकले गेलेत, हॉट डेस्कच्या ४५ मेंबरशिप चालू आहेत. विकलेलं सगळं मोजलं तर १०५ टक्के. हॉट डेस्क वगळून मोजलं तर ७० पैकी ६०, म्हणजे साधारण ८६ टक्के. मंगळवारी सकाळी अकराला बसलेली माणसं मोजली तर कदाचित ५८. तिन्ही आकडे खरे आहेत. समोरचा यातला कुठला सांगतोय हे विचारल्याशिवाय स्वतःच्या जागेशी तुलना केली, तर नसलेली अडचण दिसेल किंवा असलेली दिसणार नाही.

त्याऐवजी जाण्यापूर्वी स्वतःचे पाच आकडे एका कागदावर काढा, छेदासकट (कशाच्या प्रमाणात मोजलं तेही): उत्पन्नाच्या किती टक्के भाडं जातं, उत्पन्नात मीटिंग रूम आणि व्हर्च्युअल ऑफिसचा (डेस्क न घेता फक्त पत्ता वापरण्याचा) वाटा किती, शंभर चौकशांपैकी किती जण जागा बघायला येतात आणि त्यातले किती मेंबर होतात, दरमहा किती टक्के मेंबर सोडतात, आणि सर्वांत मोठा एक क्लायंट उद्या गेला तर किती टक्के सीट रिकाम्या होतील. चौथा आणि पाचवा एकत्रच बघावे लागतात. महिन्याला ५ टक्के गळती सतत राहिली तर मेंबर सरासरी २० महिने टिकतो, हे ऐकायला ठीक आहे. पण ती गळती डोकी मोजून काढली आहे की करार मोजून? पंधरा जणांची एक टीम गेली तर करारांच्या हिशेबात एकच जण गेला असं दिसतं.

हा कागद हातात असला की बोलणं बदलतं. आधी आपला आकडा सांगायचा, मग त्यांचा विचारायचा. रक्कम विचारू नका, टक्के विचारा; भाड्याची रक्कम लपवणारा माणूस ‘उत्पन्नाच्या किती टक्के’ हे सहज सांगून जातो. आणि माणूस नीट निवडा. तुमच्याच गल्लीतला स्पर्धक तोंड उघडणार नाही, ते स्वाभाविकच आहे. दुसऱ्या शहरातला, साधारण तुमच्याएवढीच जागा चालवणारा आणि तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षं पुढे असलेला माणूस शोधा. तुमच्यामुळे त्याचं काही जाणार नसतं. असे आठ-दहा जण सहभागींच्या यादीतून किंवा परिषदेच्या अ‍ॅपवरून आधीच हेरा, दोन आठवडे आधी एक नेमका प्रश्न लिहून पाठवा आणि वीस मिनिटांची वेळ मागा. परिषदेत पोचल्यावर मागितलेली वेळ मिळत नाही.

या बोलण्यात करारांचा विषय हमखास काढा. वीवर्क या बड्या अमेरिकन कोवर्किंग कंपनीने २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. त्यामागचं एक मोठं कारण सर्वांना माहीत आहे: भाड्याचे करार लांब मुदतीचे, मेंबरशिप महिन्या-महिन्याच्या. जागामालकाबरोबर उत्पन्न वाटून घेणारे मॅनेजमेंट करार हा त्यावरचा उपाय म्हणून मंचावर फार गोड सांगितला जातो. कॉफीच्या टेबलावर चार गोष्टी विचारा. वाटणी खर्च वजा करण्याआधी होते की नंतर? फिट-आउटचा (आतली बांधणी, फर्निचर) पैसा कुणाचा? इमारत विकली गेली तर करार नव्या मालकाला बांधील राहतो का? आणि करार संपला तर मेंबरांचे करार व त्यांची माहिती कुणाकडे राहते? चौथ्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात. तेही उत्तरच समजा.

आता जत्रा. स्टॉल टाळायचे नाहीत, पण तिथे कसोटी आपली लावायची. सॉफ्टवेअरवाल्याला सुंदर डॅशबोर्ड दाखवू देऊ नका. सांगा, एक मेंबर १७ तारखेला हॉट डेस्कवरून केबिनमध्ये गेला, त्याचं बिल आत्ता माझ्यासमोर काढा. मग त्याच बिलावर थोडा परतावा द्या. मग सगळा डेटा एक्स्पोर्ट करा आणि त्यात थकीत बिलं आणि जुन्या प्लॅनचा इतिहास येतो का ते दाखवा. इंटरनेट बंद पडलं तर दार उघडतं का, हेही विचारा. यातली दोन कामं जरी अडली तरी पुढचे महिनाअखेर कसे जातील ते कळतं.

फोन बूथबाबत (फोनवर बोलायची छोटी बंद खोली) तर प्रदर्शनाचा हॉलच फसवतो. बाहेर आधीच एवढा गोंगाट असतो की दार लावल्यावर आत एकदम शांत वाटतं. तुमच्या जागेतली अडचण उलटी असते: आतल्याचं बोलणं बाहेरच्या शांत डेस्कवर ऐकू जाणं. ती गळती गोंगाटात कळणारच नाही. म्हणून आयएसओ २३३५१-१ या मानकाप्रमाणे केलेल्या चाचणीचा अहवाल मागा. बूथ बोलण्याचा आवाज किती डेसिबलने कमी करतो ते त्यात असतं. मग दार लावून दहा मिनिटं आत बसा. उकडायला लागलं, डोकं जड झालं, तर मेंबर दार उघडं ठेवूनच बोलणार आणि बूथचे पैसे पाण्यात. छत असलेल्या बूथमध्ये वेगळं स्प्रिंकलर लागतं का, हे मात्र विक्रेत्याला न विचारता तुमच्याकडच्या अग्निसुरक्षेच्या नियमात बघा.

‘फक्त आजच’ची सवलत दिसली तर ती लेखी मागा, महिनाभराच्या मुदतीसह. स्टॉलवर सही करू नका.

सत्रांपैकी अनकॉन्फरन्स मात्र चुकवू नका. त्यात विषय सहभागी लोकच सकाळी भिंतीवर लावतात. हॅरिसन ओवेनने १९८५ मध्ये सुरू केलेल्या ओपन स्पेस पद्धतीतला ‘दोन पायांचा नियम’ तिथे चालतो: शिकायला किंवा सांगायला काही नसेल तर उठून दुसरीकडे जायचं, त्यात अपमान नाही. स्वतः विषय लावायचा तर तो प्रश्नाच्या रूपात आणि अरुंद लावा. ‘कम्युनिटी बिल्डिंग’ला तीस जण येतील आणि काही निघणार नाही. ‘मीटिंग रूम दुपारी रिकाम्या राहतात, दर बदलून फरक पडला का?’ याला सहा येतील, पण ते सहाही करून बघितलेले असतील.

जागा बघायच्या सहलीत संस्थापकाच्या मागे फिरू नका. कम्युनिटी मॅनेजरला गाठा आणि या आठवड्यात कुठल्या तक्रारी आल्या ते विचारा. फोन बूथच्या हँडलजवळचा रंग, मीटिंग रूममधल्या केबल, चारच्या सुमाराची पॅन्ट्री, एवढं बघितलं तरी जागा कशी चालते ते कळतं.

राहिला पैशाचा मुद्दा. तुम्ही अजून जागाच शोधत असाल, तर परिषदेला जाऊ नका. तेवढ्या पैशात पाच-सहा जागांचे डे-पास घ्या आणि प्रत्येक ठिकाणी पूर्ण दिवस काम करा. जागा सुरू होऊन वर्ष झालं असेल आणि वरच्या कागदावर एखादा आकडा खटकत असेल, तर जा. दोघांचं तिकीट परवडत नसेल तर मालकाऐवजी रोज फ्लोअरवर असणाऱ्याला पाठवा. परतल्यावर त्याला दोन दिवसांच्या आत भेटलेल्यांना कबूल केलेली फाईल किंवा आकडा पाठवायला सांगा. उशीर झाला की समोरच्याला तुमचा चेहराही आठवत नाही.